छोट्या रेझचा अर्थ: पोकर टूर्नामेंटमध्ये किमान वाढ कशी वाचावी

पोकर टूर्नामेंटमध्ये समोरच्याने चिप्सचा मोठा ढीग पुढे सरकवला की टेबलावरचा प्रत्येक जण सावध होतो; पण किमान रकमेचा रेझ (लावलेल्या रकमेत वाढ) आला की बहुतेक जण फारसे न थांबता कॉल करतात, म्हणजे तेवढीच रक्कम घालून खेळात राहतात. दिवाळीत तीन पत्ती खेळत मोठे झालेल्या आपल्याकडच्या खेळाडूंमध्ये ही सवय विशेष दिसते, कारण छोटी चाल म्हणजे कच्ची पाने हे समीकरण मनात लहानपणापासून बसलेले असते. टूर्नामेंट पोकरमध्ये हे समीकरण टिकत नाही. इथे छोटा रेझ कधी निव्वळ रिवाज असतो, कधी सगळे पाने टाकतील या आशेने स्वस्तात केलेला चोरीचा प्रयत्न असतो, आणि कधी टेबलावरची सर्वांत भक्कम पाने त्याच्या मागे असतात. यांतले काय खरे, हे रेझच्या आकारावरून कळत नाही. तो कोणत्या टप्प्यावर आला, किती चिप्स मागे ठेवून आला आणि त्या खेळाडूला दुसरे काय करता आले असते, यावरून ते कळते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की हात, म्हणजे एक डाव, जसजसा पुढे सरकतो, तसतसा छोट्या रेझचा अर्थ अधिक गंभीर होत जातो. आणि आपण सगळे नेमके उलटे वागतो, म्हणजे सुरुवातीच्या रेझवर डोके खाजवतो आणि शेवटच्यावर डोळे मिटून कॉल करतो.

पुढे जाण्यापूर्वी मुंबईतल्या वाचकांसाठी कायद्याबद्दल थोडेसे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा मात्र आपल्याकडे लागू आहे. त्यामुळे मुंबईचे खेळाडू प्रत्यक्ष टूर्नामेंटसाठी प्रामुख्याने पणजीला, मांडवी नदीतल्या कॅसिनोंकडे जातात. घरी मित्रांबरोबर सराव करायचा असेल, तर तो पैसे न लावता, केवळ चिप्सच्या हिशेबावर करावा. या लेखातले सगळे काही तशा सरावातही तितकेच शिकता येते.

आधी भाव मोजावा

कोणताही छोटा रेझ आला की पानांकडे किंवा समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी एक आकडा काढावा: मला किती घालायचे आहे, आणि ते घातल्यावर एकूण पॉट (मधोमध जमलेली रक्कम) किती होईल. पहिल्याला दुसऱ्याने भागले की कॉल फायद्याचा ठरण्यासाठी आपल्याला जिंकण्याचा किमान किती वाटा हवा, ते कळते.

पाने वाटण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने घालाव्या लागणाऱ्या रकमा म्हणजे स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड; अँटी म्हणजे त्याशिवायची सक्तीची भर. बिग ब्लाइंडनेच संपूर्ण टेबलाची अँटी भरायची, ही पद्धत २०१८ च्या सुमारास जगभर रूढ झाली आणि आज बहुतेक टूर्नामेंटमध्ये तीच असते. समजा, स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक आणि अँटी एक बिग ब्लाइंड आहे. कोणी दोन बिग ब्लाइंडचा, म्हणजे किमान रेझ केला आणि बाकी सगळ्यांनी फोल्ड केले, म्हणजे पाने टाकली, तर पॉटमध्ये साडेचार बिग ब्लाइंड असतात आणि बिग ब्लाइंडवर बसलेल्याला फक्त एक घालायचा असतो. एक भागिले साडेपाच, म्हणजे सुमारे १८ टक्के. तोच रेझ अडीचचा असता तर २३ टक्के लागले असते आणि तीनचा असता तर जवळपास २७ टक्के. दश्शी-नव्वी सूटेडसारख्या (एकाच चिन्हाच्या) पानांना एक्का-राजासमोरही सुमारे ४० टक्के वाटा असतो, हे लक्षात घेतले तर किमान रेझसमोर बिग ब्लाइंडवरून इतकी पाने का खेळली जातात, ते समजते.

मात्र हा आकडा केवळ कागदावरचा वाटा सांगतो. बिग ब्लाइंडला फ्लॉपनंतर, म्हणजे सर्वांसाठीची पहिली तीन पाने उघडल्यानंतर, प्रत्येक टप्प्यावर आधी बोलावे लागते, आणि मधल्या मध्ये फोल्ड करावे लागल्यामुळे त्याला आपला पूर्ण वाटा पदरात पाडून घेता येत नाही. म्हणून १८ टक्क्यांच्या भावाला १८ टक्के वाट्याची पाने पुरत नाहीत; सूटेड आणि एकमेकांलगतची पाने बऱ्यापैकी तग धरतात, तर गुलाम-तिर्रीसारखी सुटी, वेगवेगळ्या चिन्हांची पाने बरेच काही वाटेतच गमावतात.

रेझ ठरवून केलेला आहे का

ही पायरी बहुतेक मार्गदर्शनात सुटते, पण प्रत्यक्ष टेबलावर ती फार उपयोगी पडते. काही छोटे रेझ खेळाडूने निवडलेलेच नसतात. नियमाने ते त्याच्याकडून करवून घेतलेले असतात.

किमान रेझ म्हणजे आधीच्या बेटइतकी (लावलेल्या रकमेइतकी) किंवा आधीच्या वाढीइतकी वाढ. ब्लाइंड १,०००–२,००० असताना कोणी ५,००० केले, तर वाढ ३,००० ची झाली, म्हणून पुढचा किमान रेझ ८,००० चा. आता फ्लॉपनंतरचे उदाहरण घ्या. एकाने ५,००० ची बेट केली आणि पुढच्याने तोंडाने काही न बोलता ५,००० ची एक आणि १,००० च्या तीन चिप्स टाकल्या. पोकर टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांनुसार किमान वाढीच्या निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम पडली, की रेझ पूर्ण करावा लागतो; म्हणून डीलर त्याला १०,००० करायला लावतो. दिसायला हा अगदी नेमका किमान रेझ असतो, पण त्या खेळाडूच्या मनात हा आकडा नव्हताच. उलट एकच मोठी चिप काही न बोलता टाकली, तर तो कॉल धरला जातो, मग त्याची इच्छा रेझची असो वा नसो.

दुसरा प्रकार अपुऱ्या ऑल-इनचा, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लावण्याचा. आपण ५,००० ची बेट केली आणि कोणी ७,००० ला ऑल-इन झाला, तर ही वाढ २,००० चीच असल्याने तो पूर्ण रेझ नाही. मधल्या कोणी रेझ केला नसेल, तर आपल्याला पुन्हा रेझ करता येत नाही, फक्त कॉल किंवा फोल्ड करता येतो. या छोट्या रकमेतून एवढेच कळते की त्याच्याकडे तेवढ्याच चिप्स होत्या.

तिसरी गोष्ट वाढलेल्या ब्लाइंडची. लेव्हल १,०००–२,००० वरून १,२००–२,४०० वर गेली, तरी अनेक खेळाडू ब्रेकनंतरही सवयीने ५,००० च टाकतात. आधी हा रेझ अडीच बिग ब्लाइंडचा होता, आता तो जेमतेम दोनच्या वर आहे. या घटीला पानांशी काही देणेघेणे नाही. लेव्हल बदलल्यानंतर टेबल एकदा फिरेपर्यंत रेझच्या आकारातल्या फरकांना फार महत्त्व देऊ नये.

पहिला छोटा रेझ: इथे फारसे वाचण्यासारखे नसते

सगळ्यांच्या आधी, फ्लॉप येण्यापूर्वी केलेला दोन ते सव्वादोन बिग ब्लाइंडचा रेझ हा आजचा रिवाज आहे, आणि त्यामागे साधे गणित आहे. वर सांगितलेल्या रचनेत पॉटमध्ये आधीच अडीच बिग ब्लाइंड पडलेले असतात. दोन घालून ते उचलायचे असतील, तर सगळ्यांनी ४४ टक्के वेळा फोल्ड केले तरी चोरी परवडते. तीन घातले तर ५४ टक्क्यांहून अधिक वेळा फोल्ड व्हावे लागते. शिवाय कोणी ऑल-इन करून उत्तर दिलेच, तर दोनच बिग ब्लाइंड सोडून निघता येते. ज्यांना हे गणित माहीत आहे ते एक्क्यांच्या जोडीलाही आणि सत्ती-छक्की सूटेडलाही एकाच आकाराचा रेझ करतात. अशा खेळाडूच्या पहिल्या रेझच्या आकारात काहीही दडलेले नसते. तो कोणत्या जागेवरून आला एवढेच पाहावे. नऊजणांच्या टेबलावर सर्वांत आधी बोलणाऱ्याचा किमान रेझ आणि बटणवरचा (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलणाऱ्या जागेवरचा) किमान रेझ यांत पानांच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते, जरी चिप्स तेवढ्याच असल्या तरी.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा: जो नेहमी अडीच किंवा तीन करतो आणि आज अचानक दोन करतो. रेझ छोटा आहे की मोठा यापेक्षा तो त्या माणसाच्या नेहमीच्या सवयीपेक्षा वेगळा आहे का, हे कितीतरी जास्त सांगून जाते. हौशी खेळाडूंमध्ये अशा अचानक झालेल्या घटीचे दोनच अर्थ मी सर्वाधिक पाहिले आहेत: एक तर मोठी जोडी आहे आणि कोणी पळून जाऊ नये अशी इच्छा आहे, किंवा पाने आवडली आहेत पण पुरेसा विश्वास नाही. या दोहोंतले कोणते, हे त्याच्या आधीच्या शोडाउनवरूनच, म्हणजे हात संपताना उघडलेल्या पानांवरूनच, ठरवता येते.

मागे किती चिप्स उरल्या

छोटा रेझ वाचताना पुढे आलेल्या चिप्सइतकेच मागे राहिलेल्या चिप्सकडे पाहावे. ४० किंवा अधिक बिग ब्लाइंड असलेल्याचा किमान रेझ हा वर सांगितलेला रिवाज. साधारण १५ ते २५ बिग ब्लाइंडच्या स्टॅकचा (जवळच्या चिप्सच्या साठ्याचा) किमान रेझही आता सर्रास दिसतो. खरे वाचन सुरू होते ते दहाच्या खाली.

समजा, एकाकडे ९ बिग ब्लाइंड आहेत. रूढ शहाणपण सांगते की इतक्या कमी चिप्समध्ये खेळायचे तर सरळ ऑल-इन व्हावे, आणि बहुतेक जण तसेच करतात. हा मात्र दोनचा रेझ करून सात मागे ठेवतो. आपण बिग ब्लाइंडवरून त्याला ऑल-इनमध्ये ढकलले, तर त्याच्यासमोर साडेबारा बिग ब्लाइंडचा पॉट असेल आणि त्याला सात घालावे लागतील, म्हणजे ३६ टक्के वाटा असला तरी त्याचा कॉल योग्य ठरेल. इतका वाटा बहुतेक बऱ्या पानांना असतोच. याचा अर्थ त्याने रेझ केला त्या क्षणी तो जवळजवळ बांधला गेला आहे, आणि आपण त्याला घाबरवून फोल्ड करायला लावू ही आशा फोल आहे. ज्याला हे कळते, तो अशा रेझमागे कॉल करण्याजोगी पानेच ठेवतो. ज्याला कळत नाही, तोही ऑल-इन न होता थांबला आहे, तर बहुधा कॉल मिळावा म्हणूनच. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच निघतो: कमी स्टॅकच्या किमान रेझवर आपली मधली पाने ऑल-इन करू नयेत, चांगली पाने असतील तर करावीत, आणि बिग ब्लाइंडवर असलो तर भाव पाहून नुसता कॉल करून फ्लॉप पाहावा.

छोटा रीरेझ

माझ्या मते रीरेझ, म्हणजे रेझवर केलेला रेझ, हा या विषयातला सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण इथे भाव आपल्याला आत ओढतो आणि पानांचे वास्तव आपल्याला बाहेर काढू पाहते.

ब्लाइंड १,०००–२,०००, अँटी २,०००. आपल्याकडे ६०,००० आहेत आणि बटणच्या दोन जागा आधी बसून आपण एक्का-राणीवर ४,५०० चा रेझ केला. ५०,००० चिप्स असलेल्या बटणवरच्या खेळाडूने तो ९,००० केला आणि बाकी सगळ्यांनी फोल्ड केले. पॉटमध्ये १८,५०० आहेत, आपल्याला ४,५०० घालायचे आहेत. २० टक्क्यांहून किंचित कमी वाटा पुरतो. भाव उत्तम आहे. पण आता विचारायचे ते असे: या माणसाला दुसरे काय करता आले असते?

२५ बिग ब्लाइंडच्या स्टॅकवर एक्का-राजा, दश्श्यांची किंवा नव्व्यांची जोडी आली की पुष्कळ खेळाडू थेट ऑल-इन होतात, कारण त्यांना फ्लॉपवर अवघड निर्णय घ्यायचा नसतो. हा खेळाडू तसे करताना आपण आधी पाहिले असेल, तर त्याच्या छोट्या रीरेझमधून ती सगळी पाने वजा होतात. उरतात एक्के, राजे, राण्यांच्या जोड्या आणि, तो जाणकार असेल तर, एक्का-पंजी सूटेडसारखी काही फसवी पाने. आता संख्या मोजू. आपल्या हातात एक एक्का आणि एक राणी असल्याने एक्क्यांच्या जोडीचे (चिन्हांच्या जुळणीनुसार) सहाऐवजी तीनच प्रकार उरतात, राण्यांचेही तीन, राजांचे मात्र सहाच्या सहा. एकूण बारा. एक्का-पंजी आणि एक्का-चौकी सूटेडचे प्रत्येकी तीन धरले तर फसवे प्रकार सहा. म्हणजे तो फसवतो असे मानले तरीही तीनपैकी दोन वेळा आपण खूप मागे आहोत. आणि तो फसवणाऱ्यांपैकी नसेल, तर प्रत्येक वेळी.

यातून ऑल-इनचा पर्याय बाद होतो, कारण फोल्ड करणारे फक्त सहा प्रकार आहेत आणि बाकीचे बारा आनंदाने कॉल करतील. नुसता कॉल केला, तर पॉट २३,००० चा होईल आणि त्याच्याकडे ४१,००० उरतील, म्हणजे पॉटच्या पावणेदोन पट. फ्लॉपवर राणी पडली की आपण सुटू शकणार नाही, आणि तीच राणी समोर एक्के किंवा राजे असतील तर आपल्या स्टॅकचा बहुतेक भाग घेऊन जाईल. भाव स्वस्त असूनही एक्का-राणी इथे महाग पडते, ती अशी. उलट छक्क्यांची जोडी असती, तर मी कॉल केला असता. जोडीला फ्लॉपवर तिसरे पान साधारण साडेआठ वेळांतून एकदा मिळते. ४,५०० घालून पॉटमधले १८,५०० आणि मागचे ४१,००० मिळून ५९,५०० जिंकता येण्याची शक्यता आहे, म्हणजे तेरा पटींहून अधिक. समोर खरोखरच मोठी जोडी असेल तर ती फ्लॉपवर सहसा सुटत नाही, आणि म्हणूनच हा हिशेब जुळतो. ज्या वाचनामुळे एक्का-राणी फोल्ड होते, त्याच वाचनामुळे छक्के कॉल होतात.

रीरेझनंतर पुन्हा कोणी किमान वाढ केली, तर फार विचार करू नये. जाणकारांच्या टेबलावर तिथे थोडी फसवणूक असते. हौशी खेळाडूंकडून तो रेझ आला की एक्के किंवा राजे समजून पुढे जावे.

फ्लॉपवर: घाबरू नका, पण पुढचा विचार करा

पॉट ९,००० चा, आपण ३,००० ची बेट केली, समोरच्याने ६,००० केले. आपल्याला ३,००० घालून २१,००० च्या पॉटसाठी लढायचे आहे; १४ टक्के वाटा पुरतो. राजा-सत्ती-दुर्री अशा कोरड्या फ्लॉपवर जाणकार खेळाडू हा रेझ बऱ्याच वेगवेगळ्या पानांनी करतो, कारण त्याला ६,००० घालून १२,००० उचलायचे असतात आणि तीनांतून एकदा आपण फोल्ड केले तरी त्याचे भागते. त्यामुळे जोडी किंवा बरा ड्रॉ (पुढच्या पानाने पूर्ण होऊ शकणारी अपुरी रचना) असताना इथे लगेच फोल्ड करणे ही चूक होय.

समोरचा आपल्यानंतर बोलणारा असेल, तर आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. ड्रॉ असलेला खेळाडू फ्लॉपवर छोटा रेझ करतो, आपण कॉल करून टर्नवर (चौथ्या पानावर) चेक करतो, म्हणजे काही न लावता थांबतो, आणि मग तोही चेक करून रिव्हरचे (पाचवे, शेवटचे) पान फुकटात पाहतो. अशा खेळाडूसमोर टर्नवर निरुपद्रवी पान पडले तर स्वतःहून बेट करावी. तो आपल्याआधी बोलणारा असेल, तर त्याला फुकट पान मिळण्याची खात्री नसते, त्यामुळे हा अर्थ तिथे लावू नये. आणि फ्लॉपवर तीन किंवा चार जण असताना केलेला छोटा रेझ वेगळाच समजावा: इतक्या जणांना इतक्या स्वस्तात राहू देणारा माणूस सहसा कोणाला घालवायला निघालेला नसतो.

टर्न आणि रिव्हर

इथून पुढे छोट्या रेझचा सूर बदलतो. ज्याला आपण फोल्ड करावे असे वाटते, त्याला फोल्ड महाग पडेल इतका स्वस्त भाव तो आपल्याला का देईल? टर्नवर याचे एक उत्तर असू शकते: मागे भरपूर चिप्स असतील तर रिव्हरवरच्या मोठ्या बेटची धमकी शिल्लक असते. रिव्हरवर तीही उरत नाही. म्हणून रिव्हरवरचा किमान रेझ, विशेषतः हौशी खेळाडूचा, हा मी या खेळातल्या सर्वांत विश्वासार्ह खुणांपैकी एक मानतो.

विश्वास गणितावर तपासून पाहू. बोर्डवर, म्हणजे सर्वांसाठीच्या पानांत, इस्पिक राजा, चौकट नव्वी, किलवर चौकी, बदाम सत्ती, इस्पिक दुर्री. आपल्याकडे बदाम राजा आणि किलवर राणी. बिग ब्लाइंडवरच्याने फ्लॉप आणि टर्नवर कॉल केला. रिव्हरला पॉट १०,००० चा, आपण ५,००० ची बेट केली, त्याने १०,००० केले. आपल्याला ५,००० घालायचे आहेत आणि पॉट ३०,००० चा होईल. सहांतून एकदा जिंकलो तरी पुरे.

त्याच्याकडे आपल्याला हरवणारे काय असू शकते? नव्व्या, सत्त्या आणि चौक्या यांच्या जोड्यांमुळे झालेले सेट (त्याच पानाची तिकडी) प्रत्येकी तीन, मिळून नऊ. हिशेब सोपा राहावा म्हणून दोन जोड्या केवळ सूटेड पानांतून झाल्या असे धरू: राजा-नव्वी एक, राजा-सत्ती दोन, राजा-चौकी एक, नव्वी-सत्ती दोन. एकूण पंधरा. चुकलेले ड्रॉ म्हणजे सूटेड गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी आणि अठ्ठी-छक्की, प्रत्येकी चार, मिळून बारा. सहांतून एकदा जिंकायचे तर पंधरा खऱ्या पानांमागे तीन फसवी हवीत. म्हणजे प्रश्न इतकाच उरतो: ज्याचा ड्रॉ चुकला आहे असा हा माणूस चारांतून एकदा इथे किमान रेझ करतो का?

असा नेमका प्रश्न समोर आला की उत्तर देणे सोपे होते. चुकलेला ड्रॉ हातात असताना बहुतेक हौशी खेळाडू एक तर गपगुमान फोल्ड करतात, किंवा फसवायचेच ठरवले तर मोठा आकडा लावतात, कारण किमान रेझने कोणी फोल्ड करत नाही हे त्यांनाही ठाऊक असते. चारांतून एकदा तर सोडाच, ते पाच-पन्नास वेळांत एकदा असे करताना दिसतील. म्हणून भाव मोहक असूनही वरची एक जोडी इथे टाकून द्यावी. जाणकार, आक्रमक खेळाडू समोर असेल तर चारांतून एक हे प्रमाण अशक्य नाही, आणि तिथे कॉल करावा. पानांची यादी दोघांसाठी तीच राहते. बदलते ती फसव्या पानांची वारंवारता, आणि त्यासाठी माणूस ओळखावा लागतो.

बबलजवळ

बक्षिसे सुरू होण्याच्या तोंडावर, म्हणजे बबलवर, गमावलेली चिप मिळवलेल्या चिपपेक्षा महाग असते. समजा, चार खेळाडू समान चिप्सवर उरले आहेत आणि बक्षिसे तीनच आहेत: एकूण रकमेच्या ५०, ३० आणि २० टक्के. प्रत्येकाचा वाटा २५ टक्क्यांचा. आपण एकाशी ऑल-इन जाऊन जिंकलो, तर चिप्स दुप्पट होतात, पण रूढ पद्धतीने काढलेला बक्षिसातला वाटा सुमारे ३८ टक्केच होतो. हरलो तर शून्य. म्हणून इथे ऑल-इन कॉल करण्यासाठी सुमारे ६५ टक्के वाटा लागतो, ५० नव्हे.

या एका आकड्याने छोट्या रेझचे वाचन उलटेपालटे होते. मोठ्या स्टॅकवाल्याला ठाऊक असते की कोणी त्याच्याविरुद्ध सहज उभे राहणार नाही, त्यामुळे तो किमान रेझने ब्लाइंड उचलत राहतो आणि त्याच्या रेझमागे पाने फार पातळ असतात. कमी किंवा मध्यम स्टॅकवाला मात्र, आणि त्यातही जो सुट्टी काढून, मुंबईहून प्रवास करून आलेला आहे आणि रिकाम्या हाताने परतायचे नाही असे ज्याच्या प्रत्येक फोल्डमधून दिसते, तो बबलवर अचानक छोटा रेझ करतो तेव्हा त्याच्यापासून दूर राहावे. इतका वेळ जपलेल्या चिप्स तो उगाच पुढे करत नाही. मोठ्या स्टॅकच्या पातळ रेझला उत्तर द्यायचे असले, तरी ते नुसत्या कॉलने देऊ नये. बबलवर आधी बोलणाऱ्या जागेवरून मधली पाने घेऊन फ्लॉप पाहणे फार खर्चाचे असते. फोल्ड करावे, किंवा त्याला फोल्ड करावेसे वाटेल इतका स्टॅक आपल्याकडे असेल तेव्हा ऑल-इन व्हावे.

नोंदी आणि सराव

छोट्या रेझचे वाचन शोडाउनमधून तयार होते. आपण हातात नसताना फोनमध्ये डोके घालून बसणे ही टेबलावरची सर्वांत महाग सवय आहे. प्रत्येक शोडाउनवर तीन गोष्टी टिपाव्यात: रेझ कोणत्या टप्प्यावर आला, त्या वेळी मागे किती बिग ब्लाइंड होते, आणि पाने काय निघाली. «टर्न, किमान रेझ, मागे २२, चौक्यांचा सेट» एवढी ओळ पुरते. चिप्सची रक्कम न लिहिता बिग ब्लाइंडमध्ये लिहावे, नाही तर लेव्हल बदलल्यावर नोंदीचा अर्थ लागत नाही. एकाच शोडाउनवरून माणसाबद्दल पक्के मत बनवू नये, पण टर्न आणि रिव्हरच्या बाबतीत एक शोडाउनही बरेच सांगतो, कारण तिथे छोटा रेझ करण्याची संधीच मुळात कमी वेळा येते.

पानांचे प्रकार मोजण्याचा सराव टेबलाबाहेर करावा. जोडीचे सहा, सूटेड पानांचे चार, वेगवेगळ्या चिन्हांच्या पानांचे बारा, हे पाठ असले की बाकी वजाबाकी असते. चर्चगेटहून विरारला जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर कोणतीही पाच पाने बोर्ड म्हणून कागदावर लिहावीत, स्वतःची दोन ठरवावीत, आणि आपल्याला हरवणारे प्रकार व चुकलेले ड्रॉ मोजून काढावेत. मग रिव्हरवरचा किमान रेझ कल्पून विचारावे की कॉल करण्यासाठी चुकलेल्या ड्रॉंपैकी कितव्या भागाने फसवायला हवे. घरच्या सरावाच्या खेळात मित्रांना हात संपल्यावर पाने दाखवायला सांगावे आणि आपला अंदाज त्यांच्या पानांशी ताडून पाहावा. प्रत्यक्ष टूर्नामेंटमध्ये फोल्ड केल्यावर समोरची पाने दिसत नाहीत, त्यामुळे आपण टाकलेली एक जोडी खरोखर मागे होती की नाही, हे तपासण्याची संधी फक्त अशा खेळातच मिळते.